एक भाग, दोन फेऱ्या: ‘स्टार ट्रेक’चा जुना भाग चारचौघांत पुन्हा पाहायची रीतसर पद्धत

जुन्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी अंतराळ-मालिकेचा एखादा भाग मित्रमंडळींना घेऊन पुन्हा पाहायचा बेत बहुतेक वेळा त्याच तीन-चार कारणांनी फसतो. टीव्हीवर चित्र ताणलेलं असतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. कूलरच्या घरघरीत हळू आवाजातले संवाद बुडतात. ज्यांनी भाग दहादा पाहिलाय ते पुढचं आधीच सांगून मोकळे होतात. आणि एका रात्रीत पाच भाग उरकायच्या नादात एकही धड लक्षात राहत नाही.

इथे दिलेली पद्धत एका संध्याकाळी एकच भाग दोनदा पाहायची आहे. पहिली फेरी अखंड, न बोलता. दुसरी फेरी अंकाअंकाला, म्हणजे भागाच्या प्रत्येक मोठ्या तुकड्यानंतर, थांबत. हा क्रम उलटा करू नका, आणि दोन्ही फेऱ्या एकत्र करून ‘थांबत-थांबत एकदाच’ असंही करू नका. थांबत पाहिलं की ताण तुटतो, आणि ताण कसा उभा केलाय हे पाहण्यासाठीच तर आपण पुन्हा बसलेलो असतो.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच भाग घेतलाय: ‘बॅलन्स ऑफ टेरर’, पहिला सीझन, पहिलं प्रक्षेपण १५ डिसेंबर १९६६. रॉम्युलन, म्हणजे मालिकेतली शत्रू परग्रहवासी जमात, पहिल्यांदा दिसतात तो हा भाग. अदृश्य होणारं त्यांचं एक अवकाशजहाज आणि त्याचा माग काढणारं नायकांचं ‘एंटरप्राइझ’, एवढ्यावर तो उभा आहे. यातलं बरंच काही दबक्या आवाजात आणि काळोख्या चित्रात घडतं, त्यामुळे तुमच्या तयारीतली प्रत्येक चूक हा भाग उघडी पाडतो. हा नीट दिसला आणि ऐकू आला, की उरलेल्या ७८ भागांसाठी तुमची मांडणी पक्की झाली म्हणून समजा.

टप्पा १: भाग ठरवा, आणि नावानेच ठरवा

‘पहिल्या सीझनचा नववा भाग’ असा निरोप पाठवू नका. या मालिकेत चित्रीकरणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम वेगवेगळे आहेत. ‘द कॉर्बोमाइट मॅन्युव्हर’ हा दोन पायलटनंतर (नमुना भागांनंतर) चित्रित झालेला पहिला भाग, पण टीव्हीवर तो दहावा आला. काही यादी एका क्रमाने लावतात, काही दुसऱ्या, त्यामुळे आकड्यावर विसंबलं की अर्धे लोक भलताच भाग ‘उजळणी’ करून येतात. निरोपात भागाचं नाव आणि प्रक्षेपणाची तारीख, दोन्ही लिहा.

पहिल्या बैठकीला एकाच भागात संपणारी गोष्ट निवडा. ‘द मिनॅजरी’ दोन भागांत आहे, ती या पद्धतीत एका संध्याकाळी बसत नाही.

माणसं सहा ते आठ. त्याहून जास्त झाली की दुसऱ्या फेरीतली चर्चा कोपऱ्याकोपऱ्यात फुटते. आठांपैकी एक-दोघांनी भाग कधीच न पाहिलेला असेल तर उत्तम. दहादा पाहिलेल्यांना जे दिसेनासं झालेलं असतं, ते अशा नव्या डोळ्यांना दिसतं.

हे सगळं घरातल्या घरात, ओळखीच्या माणसांपुरतं आहे. सोसायटीचा हॉल घेऊन, फलक लावून दाखवायचं असेल तर हक्कधारकाचा परवाना लागतो, तो आधी घ्या.

टप्पा २: कोणती आवृत्ती हातात आहे ते तपासा

हे काम किमान दोन दिवस आधी करा. बैठकीच्या दिवशी पाहुणे दारात असताना नाही.

आधी लांबी बघा. या मालिकेचा पूर्ण भाग ५० मिनिटांच्या आसपास असतो. तुमच्याकडे ४५ मिनिटं किंवा त्याहून कमी दिसत असतील तर ती बहुधा पुनर्प्रक्षेपणासाठी कापलेली प्रत आहे. अमेरिकेत नंतरच्या प्रक्षेपणांमध्ये जाहिरातींना जागा करायला मधली दृश्यं कापली जात. अशी प्रत घेऊ नका. कापताना सहसा शांत, संथ दृश्यं जातात, आणि आपल्याला तीच हवी असतात.

४८ मिनिटं दिसली तर मात्र घाबरू नका. फिल्म सेकंदाला २४ चौकटींची. पाल (PAL, भारत-युरोपातल्या टीव्हीची) पद्धतीच्या डीव्हीडीवर ती २५ ने पळते, म्हणजे चार टक्के वेगाने. ५० मिनिटांची तेवढ्यात ४८ होतात आणि काहीही कापलेलं नसतं. आवाज मात्र किंचित चढ्या पट्टीत जातो. ज्याच्या कानात एंटरप्राइझवरच्या स्पॉक या अधिकाऱ्याचा मूळ आवाज बसलाय त्याला तो फरक जाणवेल.

मग दृश्य परिणाम कोणते आहेत ते बघा. २००६ पासून या मालिकेची नव्याने साफ केलेली आवृत्ती आली, त्यात अवकाशातली दृश्यं संगणकावर पुन्हा बनवली आहेत. ब्लू-रेवर मूळ आणि नवे यांतून निवडता येतं. स्ट्रीमिंगवर सहसा नवेच मिळतात. ओळखायची खूण सोपी आहे. मूळ आवृत्तीत एंटरप्राइझ पडद्यावर येताच चित्रात एकदम दाणे (फिल्मचा खरखरीतपणा) वाढतात, कारण जहाज, तारे आणि पार्श्वभूमी वेगवेगळी चित्रित करून एकावर एक छापलेली असत आणि प्रत्येक छपाईत दाणा वाढत जाई. नव्या आवृत्तीत जहाजाचं दृश्य आजूबाजूच्या दृश्यांहून गुळगुळीत दिसतं.

आमचं मत: दोन्ही मिळत असतील तर पहिली फेरी मूळ परिणामांची, दुसरी नव्या परिणामांची. एकाच फेरीत मधेच अदलाबदल करू नका. नव्यातलं रॉम्युलन जहाज देखणं आहे, पण मूळ संकलन ज्या चित्रांभोवती बेतलं होतं ती चित्रं आधी पाहायला हवीत.

तपासणी: आधी सुरुवातीची तीन मिनिटं, मग मधली दोन, मग शेवटची दोन प्रत्यक्ष चालवून बघा. शेवट नक्की बघा. अर्धवट उतरवलेली फाइल शेवटच्या पाच मिनिटांतच दगा देते.

टप्पा ३: चित्राचा आकार

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

मालिका ४:३ आकारात आहे, म्हणजे चार भाग रुंद आणि तीन भाग उंच. आजचा टीव्ही १६:९ आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसायलाच हव्यात. ‘पट्ट्या घालव’ असं कोणीतरी हमखास म्हणतं. घालवू नका. त्या घालवायचे दोनच मार्ग आहेत: एकात माणसं आडवी फुगतात, दुसऱ्यात डोकी आणि हनुवट्या कापल्या जातात.

आता खरा घोळ. डीव्हीडीवर चित्र मुळातच ४:३ साठवलेलं असतं, म्हणून तिथे टीव्ही किंवा प्लेअरला ‘४:३’ सांगावं लागतं. ब्लू-रे आणि स्ट्रीमिंगमध्ये मात्र काळ्या पट्ट्या चित्रातच भरलेल्या असतात, म्हणजे येणारी चौकट आधीच १६:९ असते. तिथे टीव्ही ‘१६:९’, ‘ओरिजिनल’ किंवा ‘जस्ट स्कॅन’ यांपैकी जे असेल त्यावर ठेवायचा. डीव्हीडीची सवय असलेला माणूस ब्लू-रेलाही ‘४:३’ लावतो, आणि चित्र दुसऱ्यांदा दाबलं जातं. तसं झालं की चित्र जवळजवळ चौरस होतं आणि सगळी पात्रं वाळल्यासारखी दिसतात.

नजरेवर भरवसा ठेवू नका, टेप घ्या. बरोबर असेल तर प्रत्येक काळी पट्टी पडद्याच्या रुंदीच्या एक-अष्टमांश भरते:

३२ इंची टीव्ही: प्रत्येक बाजूला साधारण ९ सेंटीमीटर
४३ इंची: साधारण १२ सेंटीमीटर
५५ इंची: साधारण १५ सेंटीमीटर

४३ इंचीवर पट्टी २१ सेंटीमीटर निघाली तर दुहेरी दाबलंय. पट्टीच नसेल तर ताणलंय किंवा कापलंय. टेप नसेल तर ग्रह पूर्ण दिसतो असं कोणतंही दृश्य लावा. ग्रह गोल हवा, अंड्यासारखा आडवा नको.

जुना ऑफिसचा किंवा कॉलेजचा १०२४ × ७६८ चा प्रोजेक्टर कुणाकडे पडून असेल तर तो या मालिकेसाठी फार चांगला, कारण तो मुळातच ४:३ आहे. पण ब्लू-रे किंवा स्ट्रीमिंग त्यावर लावलं की बाजूच्या पट्ट्यांबरोबर वर-खालीही पट्ट्या येतात आणि चित्र मधे लहानशा चौकटीत अडकतं. फाइल व्हीएलसी या संगणकावरच्या प्लेअरवर चालवत असाल तर ‘क्रॉप’मध्ये ४:३ निवडा, भिंत पूर्ण भरेल. त्याच मेनूशेजारी ‘आस्पेक्ट रेशो’ असतं, त्याला हात लावू नका. ते कापत नाही, ताणतं.

आकार झाला की या गोष्टी बंद करा. एक, हालचाल गुळगुळीत करणारी सोय. सोनीवर ती ‘मोशनफ्लो’, सॅमसंगवर ‘ऑटो मोशन प्लस’, एलजीवर ‘ट्रूमोशन’ नावाने असते. ती चालू असली की फिल्मची मालिका रोजच्या डेलीसोपसारखी दिसते. दुसरी, ‘नॉइज रिडक्शन’. तिला फिल्मचा दाणा म्हणजे घाण वाटते, आणि दाण्याबरोबर बारीक तारेही पुसले जातात. तिसरी, ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ मोड. त्याऐवजी ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’ घ्या. पिवळट वाटेल, दहा मिनिटांत डोळा सरावतो.

तपासणी: रॉम्युलन जहाजाच्या आतलं कोणतंही दृश्य थांबवा. कमांडरच्या मागची भिंत आणि छताचा भाग वेगळा ओळखू यायला हवा. सगळा एकच काळा गोळा दिसत असेल तर ‘ब्राइटनेस’ दोन-तीन पायऱ्या वर घ्या. काळ्या पट्ट्याच राखाडी दिसू लागल्या तर तेवढाच खाली आणा.

टप्पा ४: आवाज, आणि कूलरचं काय करायचं

नागपुरात मार्चअखेरपासून जूनपर्यंत कूलर बंद ठेवून आठ माणसांना दीड-दोन तास एका खोलीत बसवता येत नाही. आणि या भागातली महत्त्वाची बोलणी कुजबुजीच्या जवळ जाणारी आहेत: रॉम्युलन कमांडर आणि त्याचा म्हातारा साथीदार सेंच्युरियन, किंवा एंटरप्राइझचा कप्तान कर्क आणि डॉक्टर मॅकॉय केबिनमध्ये. फुल स्पीडच्या कूलरखाली ही दृश्यं नुसती हलणारी तोंडं होऊन जातात. मग कुणीतरी आवाज वाढवतं, पुढच्या हल्ल्याच्या दृश्याला खोली दणाणते आणि पुन्हा रिमोट शोधला जातो.

याला उपाय आहेत. पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे हा भाग थंडीत ठेवणं. १५ डिसेंबरच्या आसपासचा शनिवार धरा, कूलरचा प्रश्नच मिटला. उन्हाळ्यातच करायचं असेल तर:

१. दोन तास आधी टाकी भरून कूलर फुल स्पीडवर चालवा, म्हणजे भिंतीसुद्धा निवतात. भाग सुरू होताना पंप चालूच ठेवून पंखा सर्वांत कमी स्पीडवर आणा.

२. कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, सगळं बंद केलं की खोली दमट होऊन चिकचिक होते. पण वाट म्हणून पश्चिमेची खिडकी उघडू नका, तिथून उजेड आणि रस्त्याचा आवाज दोन्ही येतात. आतल्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडं ठेवा आणि त्या खोलीची पलीकडची खिडकी उघडा.

३. स्पीकर आणि कूलर एकाच दिशेला नकोत. टीव्ही कूलरच्या खिडकीखाली असेल तर आवाज आणि घरघर एकाच बाजूने येतात आणि कानाला ते वेगळे काढता येत नाहीत. कूलर बाजूच्या किंवा मागच्या भिंतीला हवा.

४. आठवडाभर आधी कूलरच्या जाळ्या आणि स्टँड ठोकून बघा. खडखड बहुतेक वेळा सैल जाळीची असते. जाळी आणि चौकटीच्या मधे कापडाची घडी खोचली की ती बंद होते.

आवाजाचा मूळ ट्रॅक मोनो आहे. प्लेअरवर मोनो निवडता येत असेल तर तोच घ्या. टीव्हीमधलं ‘सराउंड’ किंवा ‘व्हर्च्युअल’ काहीही चालू असेल तर बंद करा, त्याने संवाद पोकळ होतात. मोठे स्पीकर नसले तरी चालेल. एक बरा साउंडबार टीव्हीच्या बरोबर खाली, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला ठेवा.

आता पातळी. कर्क-मॅकॉयचं केबिनमधलं दृश्य लावा. कूलर ज्या स्पीडवर राहणार आहे त्याच स्पीडवर ठेवा. मागच्या रांगेत स्वतः जाऊन बसा. प्रत्येक शब्द कान न टवकारता कळेल इतका आवाज ठेवा. मग चौकीवरच्या हल्ल्याचं दृश्य लावा. ते दचकवेल, पण असह्य होता कामा नये. असह्य झालं तर आवाज कमी करू नका, टीव्हीतली ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ सोय चालू करून पुन्हा मोजा. एरवी ती आम्ही बंद ठेवा असंच सांगतो, पण कूलर असताना तिची मदत होते. ठरलेला आकडा कागदावर लिहून टीव्हीला चिकटवा.

सावधान: ही चाचणी यजमानाने एकट्याने करायची. नव्या प्रेक्षकासमोर मधली दृश्यं लावून बसू नका.

सबटायटल पहिल्या फेरीत चालू ठेवा, दुसऱ्या फेरीत गरज नसेल तर बंद. इंग्रजी उच्चारांची सवय नसलेला एक जरी माणूस असेल तर दोन्ही वेळा चालू. त्यासोबत अर्ध्या पानाची शब्दयादी छापून ठेवा: ‘न्यूट्रल झोन’ म्हणजे दोन सत्तांमधला कोणीही ओलांडायचा नाही असा पट्टा, ‘फेझर’ म्हणजे जहाजाचं किरणास्त्र, ‘डिफ्लेक्टर’ म्हणजे संरक्षक कवच. पाच-सहा शब्द पुरतात. कथानक लिहू नका.

टप्पा ५: खोली, बैठक, वीज

उजेड: मे महिन्यात सातपर्यंत उजेड रेंगाळतो. साडेसातच्या आधी सुरू करू नका. डिसेंबरात सहालाच काळोख होतो. पडद्यावर प्रतिबिंब पडतंय का ते टीव्ही बंद करून काळ्या काचेत बघा. देवघरातला लाल बल्ब, फ्रीजवरचा स्टॅबिलायझर, सगळं त्यात दिसतं.

अंतर: काळ्या पट्ट्या वजा केल्या की ४३ इंची टीव्हीवरचं प्रत्यक्ष चित्र ३५ इंचीएवढंच उरतं, उंची साधारण ५३ सेंटीमीटर. चित्राच्या उंचीच्या तीन ते चारपट अंतरावर बसा, म्हणजे दीड ते सव्वादोन मीटर. आठ जणांना या पट्ट्यात बसवायचं तर पुढची रांग सतरंजीवर गादी टाकून आणि मागची खुर्च्यांवर. दिवाण भिंतीला आहे म्हणून सगळे चार मीटरवर भिंतीला टेकून बसतात, ते टाळा. दिवाणच पुढे ओढा.

वीज: उन्हाळ्यात संध्याकाळी वावटळ सुटली की लाईन जाण्याची तयारी ठेवायचीच. इन्व्हर्टरवर टीव्ही, राउटर आणि एक पंखा एवढंच घ्या, कूलर नको. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर साउंडबारमध्ये गूं-गूं येते, तेव्हा टीव्हीचेच स्पीकर वापरा. स्ट्रीमिंग असेल तर ॲप भाग उतरवून ठेवू देतं का ते आधी बघून उतरवून ठेवा.

लाईन गेलीच तर किती मिनिटांवर गेली ते लिहा, पण परत आल्यावर तिथूनच सुरू करू नका. चालू अंकाच्या सुरुवातीला मागे जा. अर्ध्या संवादापासून कुणालाही पुन्हा त्या जहाजावर पोचता येत नाही.

खाणं: पहिल्या फेरीत काहीच नाही, फक्त पाणी. चिवड्याचं पाकीट रॉम्युलनांपेक्षा लवकर ठावठिकाणा सांगतं, आणि या भागात तर शांतता हेच नाट्य आहे. सांबारवडी, कढी जे काही करणार असाल ते मधल्या वेळेत. संत्र्यांचा मोसम असेल तर सोलून, फोडी काढून वाट्यांत ठेवा, आणि रिमोट सांभाळणाऱ्याला त्या हात पुसूनच खायला सांगा.

टप्पा ६: पहिली फेरी

थंडीतल्या संध्याकाळचं वेळापत्रक असं बसतं: ६ ला माणसं जमतात, ६:१५ ला सूचना, ६:२० ते ७:१० पहिली फेरी, ७:३५ पर्यंत खाणं, ७:३५ पासून दुसरी फेरी. मधल्या चार थांब्यांना प्रत्येकी सात मिनिटं धरली तर ती ८:५५ च्या आत संपते. त्यानंतर दहा मिनिटं नोंदीला. सव्वानऊला सगळे मोकळे. उन्हाळ्यात हेच दीड तास पुढे सरकवा.

सूचना तीनच द्या. फोन बंद करून टोपलीत. रिमोट एकाच्याच हातात. आणि जे आपल्याला ठाऊक आहे ते बोलायचं नाही.

तिसरी सूचना जुन्या चाहत्यांना जड जाते. रॉम्युलन कमांडर झालेला मार्क लेनार्ड पुढे याच मालिकेत स्पॉकचा बाप म्हणून येतो, ही माहिती जिभेवर अगदी टोकाला असते. नव्या माणसाला मात्र तो चेहरा पडद्यावर पहिल्यांदा उमटतो तेव्हा पुलावरच्या (‘ब्रिज’, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षातल्या) सगळ्यांसारखंच स्पॉककडे वळून बघायचं असतं. ती दोन सेकंदं त्याच्याकडून हिरावू नका.

प्रत्येक भागाची रचना ठरलेली आहे: छोटा टीझर, शीर्षक, मग चार अंक. अंक संपताना संगीत चढतं आणि चित्र काळं होतं. तिथे पूर्वी जाहिराती येत. पहिल्या फेरीत तिथे थांबायचं नाही, पण रिमोट सांभाळणाऱ्याने प्रत्येक काळोखाची वेळ कागदावर टिपून ठेवायची. दुसऱ्या फेरीतले थांबे हेच.

टप्पा ७: मधला वेळ

आधी पाच मिनिटं कोणीही बोलायचं नाही. प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या: कुठलं दृश्य डोळ्यांसमोर राहिलं, कुठे कंटाळा आला, काय कळलं नाही. मग खाणं, मग बोलणं. लिहिण्याआधी बोललं की जो पहिला बोलतो त्याचं मत सगळ्यांचं होऊन बसतं, आणि नव्या माणसाची शंका पोटातच राहते.

टप्पा ८: दुसरी फेरी

कामं वाटून द्या. दोघांनी फक्त चित्र बघायचं (प्रकाश, कॅमेरा कुठे आहे, चौकटीच्या कडेला कोण आहे). दोघांनी फक्त आवाज ऐकायचा. दोघांनी न बोलणाऱ्या पात्रांचे चेहरे बघायचे. उरलेल्यांनी हुकूम कुठून कुठे जातो ते धरायचं. प्रत्येकाला एक कागद, पाच आडवे रकाने: टीझर आणि चार अंक. ‘सगळ्यांनी सगळं बघा’ असं सांगितलं की सगळे पुन्हा गोष्टच बघतात.

या भागात काय धरायचं त्याचे नमुने:

चेहरेवाल्यांनी एंटरप्राइझचा दिशादर्शक स्टाइल्स याच्यावर नजर ठेवावी. त्याच्या घराण्यातली माणसं आधीच्या रॉम्युलन युद्धात मेलेली आहेत. शत्रूचा चेहरा व्हल्कनसारखा (स्पॉकच्या जमातीसारखा) निघतो त्या क्षणापासून तो स्पॉककडे कसा बघतो, आणि कर्क त्याला कुठल्या शब्दात नव्हे तर कुठल्या हालचालीने अडवतो, ते बघा.

आवाजवाल्यांसाठी सर्वांत समृद्ध तुकडा म्हणजे दोन्ही जहाजं दम धरून थांबतात तो. कर्कच्या नोंदीत ९ तास ४७ मिनिटं निश्चल असल्याचं येतं. त्या वेळी पुलावरचे नेहमीचे कोणते आवाज गेलेत आणि कोणते राहिलेत याची यादी करा. मग स्पॉक पॅनल दुरुस्त करताना चुकून एक कळ दाबतो. तो एक आवाज किती मोठा वाटतो, ते त्याच्या आधीची शांतता ठरवते. इथे गरज पडली तर मागे जाऊन तीस सेकंदं पुन्हा ऐका, फक्त डोळे मिटून.

हुकूमवाल्यांनी फेझर कसे सुटतात ते धरावं. या भागात कर्कचा हुकूम पुलावरून वेगळ्या फेझर-कक्षात जातो आणि तिथली माणसं तो पाळतात. प्रत्येक वेळी हुकूम आणि मारा यांच्यातले सेकंद बोटांवर मोजा. शेवटच्या माऱ्याच्या वेळी फेझर थंड ठेवणारं शीतक गळतं तेव्हा ते अंतर किती वाढतं, आणि त्या कक्षात कोण असतं, ते कळलं की टीझरमधलं लग्न तिथे का ठेवलं होतं ते कुणी समजावून सांगावं लागत नाही. स्टाइल्सला फेझर-कक्षात पाठवल्यावर दिशादर्शनाच्या जागेवर कोण बसतं तेही टिपा. संदेश सांभाळणारी अधिकारी उहुरा बसते, आणि पहिल्या फेरीत हे बहुतेकांच्या नजरेतून सुटलेलं असतं.

चित्रवाल्यांनी दोन पुलांची तुलना करावी. एंटरप्राइझवर कर्कच्या भोवती माणसं गोलात पसरलेली आहेत. रॉम्युलन जहाजात ती मधल्या खांबासारख्या यंत्राभोवती दाटीने उभी आहेत. डेशियस या रॉम्युलन अधिकाऱ्याने नियम मोडून संदेश पाठवल्यावर कमांडर त्याला सुनावतो, तेव्हा आजूबाजूच्यांना दूर सरकायलाही जागा नसते.

थांब्यावर क्रम ठरलेला ठेवा: आधी नवा माणूस, मग कामानुसार, जुना चाहता शेवटी. सात मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की वाक्य पूर्ण करून पुढे चला. पहिल्याच थांब्यावर पंचवीस मिनिटं गेली की चौथ्या अंकाला लोक घड्याळाकडे बघू लागतात, आणि या भागातलं सगळ्यात चांगलं चौथ्या अंकातच आहे.

नेहमीची चूक: थांब्यावर पात्राची आणि कलाकाराची चरित्रं सुरू होतात. पडद्यावर जे दिसलं-ऐकलं त्याबद्दलच बोला. बाकीचं पार्किंगमध्ये उभं राहून बोलायला रात्र पडलीय.

शेवटचं दृश्य, कर्क आणि टीझरमधली नवरी अँजेला मार्टीन छोट्या प्रार्थनागृहात, ते संपल्यावर लगेच दिवा लावू नका. कर्क तिथून निघून जहाजाच्या वाटेने चालत जातो. श्रेयनामावली संपेपर्यंत खोली काळोखातच असू द्या.

टप्पा ९: नोंद

दहा मिनिटांत एक पान: भागाचं नाव, आवृत्ती, लांबी, टीव्हीवरचा आवाजाचा आकडा, कूलरचा स्पीड, पाच खंडांच्या सुरुवातीच्या वेळा, आणि प्रत्येक कामाचं एकच सर्वांत चांगलं निरीक्षण. शंका वेगळ्या लिहा. दुसऱ्या फेरीनंतरही ज्या सुटल्या नाहीत त्यांच्यापुढे खूण करा. कागदाचा फोटो त्याच रात्री सगळ्यांना पाठवा, मूळ पान भागाच्या डबीत किंवा वहीत ठेवा. पुढच्या वेळी तोच भाग दुसऱ्या घरी, दुसऱ्या टीव्हीवर लागेल तेव्हा आकार आणि आवाज पुन्हा मोजावे लागतील, पण अंकांच्या वेळा तयार मिळतील. फक्त ती प्रत ४८ मिनिटांची असेल तर प्रत्येक वेळेला ०.९६ ने गुणून घ्या.